शीतयंत्र परदेशांतून मागविण्यापूर्वीं

माणदेशांत डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा वाढल्यापासून तोडलेलें फळ थंड कसें ठेवावें, हा प्रश्न आमच्या बागाईतदारांपुढें उभा आहे. दहिवडी, म्हसवड, आटपाडी या भागांत उन्हाळा कडक. फळ तोडून उन्हांत राहिलें कीं त्याचें टिकाऊपण गेलें. शीतगृह हवें, याविषयीं दुमत नाहीं. तथापि त्याचें यंत्र परदेशांतून थेट मागवावें, असा जो आग्रह सभासदांत अलीकडे ऐकूं येतो, त्यासंबंधीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

परदेशी यंत्राचा आम्हांस तिटकारा नाहीं. १८८२ सालीं न्यूझीलंडचें मांस लंडनला सुस्थितींत पोंचलें, तें 'डनेडिन' जहाजावर बसविलेल्या शीतयंत्रामुळेंच. १९९१ मध्यें एकत्र येऊन 'महाग्रेप्स' स्थापन करणाऱ्या महाराष्ट्रांतील द्राक्ष-बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनींही पूर्वशीतकरणाची विद्या बाहेरूनच घेतली. विद्या कोठूनही घ्यावी. परंतु यंत्र घेतांना तें वाटेंत काय सोसणार व येथें आल्यावर काय मागणार, याचा हिशेब आधीं मांडावा.

पहिली गोष्ट प्रवासाची. अमोनिया काढून, नळ्या कोरड्या करून, आंत थोड्या दाबानें कोरडा नायट्रोजन भरावा लागतो. नाहीं तर समुद्रावरील दमट हवा शिरून लोखंडास गंज चढतो. माल उतरतांच दाबाचा कांटा पाहावा, आणि तो शून्यावर असल्यास विमेवाल्यास तत्काळ लेखी कळवावें. यंत्राच्या पेटीचें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णतेवर ३० मिनिटें तापवून त्यावर तशी मुद्रा उठविलेली असली पाहिजे. लांकडांतील कीड देशोदेशीं पसरूं नये म्हणून हा नियम आहे. तो मोडल्यास माल बंदरांतच अडकतो. शिवाय करारांत 'बंदरापर्यंत' एवढाच शब्द असेल, तर न्हावा-शेव्याहून खंबाटकीचा घाट चढून दहिवडीस येईपर्यंतची सारी जोखीम आपल्या शिरावर.

दुसरी गोष्ट विजेची. अमेरिकेंत विजेचीं आवर्तनें सेकंदास ६०, आपल्याकडे ५०. तिकडील मोटार येथें तशीच जोडली, तर तिचा वेग सुमारें एक-षष्ठांश घटतो व त्या मानानें थंडावाही घटतो. स्वस्तांत मिळालेलें जुनें यंत्र अशा रीतीनें महाग पडतें.

तिसरी गोष्ट पाण्याची. आमच्या मतें हीच सर्वांत मोठी. पुष्कळ मोठीं शीतयंत्रें आपली उष्णता पाण्याची वाफ करून टाकतात. एक टन शीतनशक्तीमागें तासास साधारण सहा-सात लिटर पाणी केवळ वाफ होऊन जातें. शंभर टन शक्तीचें यंत्र पूर्ण भारानें वीस तास चालविलें, तर दिवसाचें सुमारें १३ हजार लिटर पाणी गेलें. क्षार सांचूं नयेत म्हणून सोडून द्यावें लागणारें पाणी निराळेंच. ज्या तालुक्यांत अवर्षणाच्या सालीं पिण्याचें पाणी टँकरनें आणावें लागतें, तेथें हें पाणी कोणाच्या घागरींतून काढावयाचें? हवेनें थंड होणारें यंत्र पाणी वांचवितें, पण कडक उन्हाळ्यांत वीज अधिक खातें. ही निवड माणांतील माणसांनींच करावी; दूरदेशच्या विक्रेत्यास तिचें मर्म ठाऊक असणार नाहीं.

कोणी म्हणेल, परदेशी यंत्र कामांत सरस असतें. कित्येक वेळां तें खरेंही असेल. परंतु फळांनीं भरलेली खोली बंद पडली असतां, सुटा भाग जहाजानें येईपर्यंत फळ थांबत नाहीं. अमोनियाचे कॉम्प्रेसर पुण्यासही होतात. १९५८ सालीं स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी या धंद्यांत आहे. माळावर कारखाना उभा राहूं शकतो, हें शेजारच्या किर्लोस्करवाडीनें १९१० पासून दाखविलेंच आहे.

म्हणून आमची सूचना अशी : यंत्र कोठलेंही असो, किंमत बंदरावरची नव्हे तर आपल्या पायावर उभें करून चालूं करून देण्याची ठरवावी, ५० आवर्तनांची अट लेखी असावी, रोजच्या पाण्याचा आंकडा विक्रेत्याकडून सहीनिशीं घ्यावा, आणि नेहमीं झिजणारे भाग यंत्राबरोबरच आणावे. या चार अटी जो मान्य करील, त्याचें यंत्र खुशाल घ्यावें. जो करणार नाहीं, त्यास सभासदांनीं नम्रपणें परत पाठवावें. कारण कर्जाचे हप्ते फेडावयास तो येथें राहणार नाहीं, आपण राहणार आहों.