बैल पारखता, तसे घरच्या माणसांकडेही बघा



बाजारात बैल घ्यायचा म्हटला की तुम्ही किती वेळ लावता! दात बघता, खूर बघता, कातडीवरून हात फिरवता, चार पावले चालवून बघता. दावणीच्या जनावराने एक वेळ वैरण सोडली तर रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जाता. आणि घरातली सून पाण्याची एक घागर आणताना दोनदा टेकते, तेव्हा मात्र ‘हिला कामाचा कंटाळा’ म्हणून मोकळे होता. हे बरे नव्हे.

जुने वैद्य रोग्याची परीक्षा तीन प्रकारे करीत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहणे पहिले. आजचे डॉक्टरही रोगी दारातून आत येतो तेव्हापासून त्याची चाल न्याहाळत असतात. पण त्यांना तो पाच-दहा मिनिटे दिसतो, तुम्हाला रोज दिसतो. कालच्यापेक्षा आज काय बदलले, हे घरच्यांनाच आधी कळायला हवे. मात्र रोगाचे नाव तुम्ही ठरवू नका. दिसले तेवढे सांगा.

त्या सुनेचेच घ्या. अंगाच्या रंगावर जाऊ नका. गोरी असो की सावळी, रक्त कमी आहे का ते कातडीवरून नीट कळत नाही. डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढून आतली बाजू बघा. जीभ बघा, तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून बघा. फिकट दिसले तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर ते कमीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त कमी भरले होते. इतक्या साऱ्या बायका काय कामचुकार असतील? लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर तेवढी घेऊ नये, अंगी लागत नाही.

कावीळ बघायची तर डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाउजेडी बघावा. दिव्याखाली फसगत होते.

मानेवर मागच्या बाजूला काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसली की पोराला घासणीने घासतात. तो पुष्कळदा मळ नसतोच. अंगात साखर नीट वापरली जात नसल्याची ती खूण असू शकते. रक्तातली साखर तपासावी. हातपाय काड्यांसारखे आणि पोट पुढे, अशा माणसाला ‘हा तर बारीक आहे’ म्हणून सोडू नका. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर मधुमेहाचा धोका वाढतो. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. कुष्ठरोगाचे औषध फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर हातापायांचे व्यंग टळते.

आता बसणे आणि निजणे. पोटदुखीचे दोन रोगी बघा. मूतखड्याचा माणूस गडबडा लोळतो, त्याला कोणत्याच कुशीवर चैन पडत नाही. दुसरा गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, खाट हलली तरी कळवळतो. आरडाओरडा करणाऱ्याभोवती सगळे गोळा होतात, पण हा गप्प पडलेला अधिक धोक्यात असू शकतो. आतडे फुटून पोटात पू झालेला असू शकतो. त्याचे पोट शेकत बसू नका, गाडी काढा.

म्हाताऱ्या माणसाला आडवे पडताच धाप लागते आणि ते उशा रचून बसून रात्र काढतात, पायही सुजलेले असतात. याला नुसता वयाचा दोष म्हणू नका, हृदय तपासायला हवे. तान्ह्या मुलाची छाती श्वास घेताना खाली बरगड्यांपाशी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट बघू नये.

दवाखान्यात नेताना रोग्याच्या तोंडाला पावडर लावू नका, नखांचा रंग पुसा, विडा थुंकून चूळ भरायला सांगा. चालता येत असेल तर चालतच आत जाऊ द्या. आणि कधीपासून, असे विचारल्यावर ‘बरेच दिवस’ म्हणू नका. तारीख आठवत नसेल तर पोळ्याला धडधाकट होते, दसऱ्याला पायांवर सूज दिसली, असे सांगा. डॉक्टरांना तेवढे पुरते.