जुना डॅक काढू नका

डॅकचं, म्हणजे डिजिटल संगीताची अ‍ॅम्प्लिफायरला चालणारी विद्युत लहर बनवणाऱ्या यंत्राचं, नवं मॉडेल आलं, की घरातल्या जुन्याचा भाव एका दिवसात उतरतो. जुना मिळेल त्या किमतीला विकायचा, वर पदरचे वीस-पंचवीस हजार घालायचे आणि नवा आणायचा, हे माझ्या ओळखीतली गाण्याची दर्दी माणसं दर दोन वर्षांनी करतात. त्यांच्या कानांबद्दल मला आदर आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो, हा पैसा चुकीच्या जागी जातो आहे.

गेल्या महिन्यात माझा सात वर्षांचा डॅक आणि एका स्नेह्यांचा नवाकोरा, दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडले. नव्यावर तानपुऱ्याची जवारी जास्त खुलते, स्वर जवळ येतो, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. मग त्यांनी मल्टिमीटर काढला. एकाच सुरावर जुना २ व्होल्ट देत होता, नवा २.३. म्हणजे नवा सुमारे सव्वा डेसिबलने मोठा वाजत होता. एवढासा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. आवाज जुळवला, मुलीला तारा बदलायला बसवलं आणि आम्ही पाठ फिरवून ऐकत राहिलो. वीसपैकी अकरा वेळा माझं उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं.

१९८२ साली सीडी आली तेव्हा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवरून मूळ लहर पुन्हा घडवणं खरोखर अवघड काम होतं. आज नीट बनवलेल्या साध्या डॅकचीही खरखर पूर्ण आवाजाच्या दहा लाखांत एका भागाच्या आसपास असते. त्याच साखळीतला स्पीकर खर्जात सहज टक्काभर विकृती घालतो. उघडी फरशी, मोकळ्या भिंती, डोक्यावरचा पंखा यांची भर वेगळीच. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकडीवर जे उमटलंच नाही, ते कुठली चिप आणून देणार?

प्रत्येक नवं मॉडेल आवाज सुधारला म्हणूनच निघतं असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेईच्या चिप-कारखान्याला आग लागली. तिथल्या डॅक-चिप मिळेनाशा झाल्या आणि अनेक कंपन्यांना आपली यंत्रं दुसऱ्या चिपभोवती नव्याने बांधावी लागली.

डॅक जरूर बदलावा, पण टीव्ही जोडायचा आहे आणि तशी सोय नाही, किंवा यंत्र दुरुस्तीपलीकडे गेलं आहे, तेव्हा. संगणक बदलला आणि जुन्या डॅकचा ड्रायव्हर त्यावर चालेना, हेही कारण खरंच; पण त्याचा जाब कंपन्यांना विचारला पाहिजे. धडधाकट यंत्र निव्वळ सॉफ्टवेअरपायी भंगारात काढायला लावणं ही ग्राहकाची लूट आहे. विक्री थांबली तरी दहा वर्षं ड्रायव्हर आणि सुटे भाग देण्याची सक्ती हवी.

नव्या डॅकसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी स्पीकरसमोर जाड सतरंजी अंथरली, खिडकीला दुहेरी पडदे लावले आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. तबल्याच्या बायाँची घुमक आता ठेक्याबरोबर उठते आणि ठेक्याबरोबर विरते. इतकी वर्षं ती कोपऱ्यात नुसती घुमत राहायची.