मोबाइलचा ठावठिकाणा : विचारायचा कोणी, सांगायचा कोणाला?

अमली पदार्थांच्या एका प्रकरणात प्रदीर्घ काळ तुरुंगात असलेल्या नायजेरियन आरोपीस दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन दिला, तेव्हा एक आगळी अट घातली होती. आरोपीने गुगल नकाशावर आपल्या ठिकाणाची ‘पिन’ टाकावी आणि ती तपास अधिकाऱ्यास दिसेल अशी व्यवस्था करावी. पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याऐवजी ती मोबाइलवरून लावायची, इतकाच अटीचा अर्थ वरकरणी वाटावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ही पिन नेमके काय करते, याची विचारणा थेट गुगलकडेच केली. कंपनीचे उत्तर मासलेवाईक होते. पिन ही नकाशावरची केवळ एक खूण असून तिच्यावरून माणसाचा वा त्याच्या मोबाइलचा प्रत्यक्ष माग काढता येत नाही, असे तिने सांगितले. ८ जुलै २०२४ रोजी खंडपीठाने ही अट रद्द केली. मात्र ती निरुपयोगी आहे एवढ्यावरच न्यायालय थांबले नाही. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालींवर सतत नजर ठेवू देणारी कोणतीही अट घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे या निकालात स्पष्ट केले गेले.

आरोपीलाही जो हक्क आहे, तो सामान्य नागरिकाला असणारच. तरीही ‘एवढे लोकेशन काढून द्या’ ही विनंती शहरांतील पोलीस ठाण्यांना नवी नाही. कोणाचा मोबाइल रिक्षात राहिलेला असतो, कोणाची मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी आलेली नसते, तर कोणाला जोडीदाराचा संशय असतो. तंत्र सर्वत्र तेच असले तरी कायद्याचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे आहे.

हरवलेल्या मोबाइलची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. संच स्वत:चा, खातेही स्वत:चे, त्यामुळे गुगल वा ॲपलच्या शोधसुविधेतून तो नकाशावर पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. अट एकच, ही सुविधा आधीच सुरू ठेवलेली हवी. संच चोरीला गेल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून दूरसंचार विभागाच्या ‘सीईआयआर’ यंत्रणेद्वारे त्याचा आयएमईआय क्रमांक बंद करता येतो. (हा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो, खोके जपून ठेवण्याची मराठी घरांतील सवय येथे कामी येते.) सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत या यंत्रणेचा प्रारंभ झाला आणि २०२३ मध्ये ती ‘संचार साथी’च्या माध्यमातून देशभर उपलब्ध झाली. बंद केलेल्या संचात कोणी नवे सिम घातले तर त्याचा सुगावा पोलिसांना लागतो. मालकाला चोराचा पत्ता मिळत नाही आणि ते योग्यच आहे. नकाशावरचा ठिपका पाहून अनोळखी वस्तीत शिरणे हे नागरिकाचे काम नव्हे.

दुसऱ्याच्या मोबाइलचा ठावठिकाणा मात्र त्याच्या संमतीखेरीज केवळ तपास यंत्रणेलाच, कायद्याच्या मार्गाने मिळू शकतो. येथे आपल्या व्यवस्थेतील एक विसंगती ठळकपणे दिसते. एखाद्याचे संभाषण ऐकायचे तर सामान्यत: गृहसचिवांचा आदेश लागतो. १९९६ च्या ‘पीयूसीएल’ निकालाने घालून दिलेली ही शिस्त २०२४ च्या नव्या नियमांतही कायम आहे. तोच माणूस कोणत्या वेळी कोणत्या टॉवरच्या परिसरात होता, हे सांगणारा ‘सीडीआर’ मिळवण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलिसांची मागणी पुरते. माणूस काय बोलला यापेक्षा तो कोठे गेला, हे कमी खासगी मानले गेले आहे. वस्तुत: दवाखाना, वकिलाचे कार्यालय, प्रार्थनास्थळ, पक्षाची बैठक यांच्या फेऱ्या पुष्कळदा संभाषणापेक्षा अधिक बोलक्या असतात. त्यात दूरसंचार कंपन्यांनी ही नोंद किमान दोन वर्षे जपावी, असे बंधन डिसेंबर २०२१ पासून आहे.

या नोंदींना पाय फुटतात, हेही अनुभवाचे आहे. २०१३ मध्ये राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे सीडीआर बेकायदा मिळवल्याप्रकरणी दिल्ली पोलीस दलातीलच कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यानंतर पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यानेच अशी मागणी करावी, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने बजावले. तरीही २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीची टोळी उघडकीस आणली आणि खासगी गुप्तहेर गजाआड झाले. गिऱ्हाईक होते म्हणूनच हा बाजार भरला होता.

बेपत्ता व्यक्तीच्या बाबतीत वरिष्ठांच्या मंजुरीचा हा टप्पा नातेवाइकांना जीवघेणा वाटतो आणि त्यांची तगमग खोटी नाही. मूल हरवले असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार गुन्हा नोंदवून तातडीने शोध घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सज्ञान व्यक्तीचे तसे नाही. आंतरजातीय विवाह करून घर सोडलेल्या मुलीच्या वडिलांनीही ‘बेपत्ता’ म्हणूनच तक्रार दिलेली असते. अशा जोडप्यांच्या जिवाला असलेला धोका ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात राज्यांना सुरक्षित निवारे व विशेष कक्ष उभारण्यास सांगितले होते. तेथे नकाशावरचा एक ठिपका चुकीच्या हाती पडला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच शोध पोलिसांनी तत्परतेने घ्यावा. परंतु सापडलेली सज्ञान व्यक्ती सुखरूप आहे, एवढेच घरच्यांना सांगावे आणि पत्ता कळवायचा की नाही हे तिच्यावर सोडावे, हीच पद्धत श्रेयस्कर. विलंबावर उपाय हवा असेल तर तो मंजुरी वेगाने देण्याचा आणि नंतर तिचा हिशेब घेण्याचा. मंजुरीच काढून टाकण्याचा नव्हे.

घराच्या उंबरठ्याआत कायदा अधिकच तोकडा पडतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. पतीने पत्नीच्या मोबाइलमध्ये गुपचूप पाळतीचे ॲप घातले तर तिला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ चा, तसेच पाठलागाविरुद्धच्या भारतीय न्याय संहितेतील कलम ७८ चा आधार घ्यावा लागतो. मात्र कलम ७८ फक्त पुरुषाने स्त्रीवर ठेवलेल्या पाळतीपुरते आहे. त्यातच वैवाहिक वादात जोडीदाराचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. तो निकाल ठावठिकाण्याविषयी नाही. परंतु घरातील हेरगिरीला त्यातून बळ मिळेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२५ मध्ये समोर आलेला दूरसंचार कंपन्यांचा प्रस्ताव तपासायला हवा. टॉवरवरून मिळणारा ठावठिकाणा ढोबळ असतो. शहरात तो काहीशे मीटरपर्यंत चुकतो, तर ग्रामीण भागात काही किलोमीटरपर्यंत. तपासासाठी नेमकी जागा हवी असल्यास मोबाइलमधील उपग्रहाधारित सुविधा कायम सुरू ठेवण्याची सक्ती करावी, असे कंपन्यांचे म्हणणे होते. कंपनी ठावठिकाणा पाहत असल्याची जी सूचना वापरकर्त्याला पडद्यावर दिसते, तीही बंद व्हावी, अशी त्यांची मागणी होती. मोबाइल उत्पादकांनी याला कडाडून विरोध केला. त्यांच्या विरोधामागील व्यापारी हिशेब बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. एवढी सूक्ष्म माहिती मिळवायलाही पोलीस अधीक्षकांचे पत्र पुरणार, की संभाषण ऐकण्यासाठी लागतो तसा गृहसचिवांचा लेखी व मुदतबंद आदेश लागणार, हे संचातील तंत्र बदलण्यापूर्वी ठरायला हवे.