फौजेचा हिशेब विचारायचा कुणी?

भोरच्या एसटी स्टँडजवळ चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर कुणीतरी मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचली. सौदी अरब लष्करावर वर्षाला ऐंशी अब्ज डॉलर खर्च करतो म्हणे. आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण लगेच म्हणाला, "बघा सर, मक्का-मदिनेकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची हिंमत आहे?" पलीकडे बसलेले गृहस्थ म्हणाले, "पण एवढी हत्यारं नक्की कुणासाठी जमवतायत?" एकाला अभिमान वाटला, दुसऱ्याला धास्ती. आकडा मात्र दोघांनीही आहे तसा गिळला. शिक्षकाला एवढं पुरत नाही. आकडा कुणी मोजला आणि कशासाठी मोजला, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

हा आकडा स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचा. २०२४ साली सौदीचा लष्करी खर्च सुमारे ८०.३ अब्ज डॉलर होता, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ७.३ टक्के. त्याच वर्षी भारताचा खर्च ८६.१ अब्ज डॉलर होता. आपण एकशे चाळीस कोटींवर, ते साडेतीन कोटींच्या आसपास. तरी दोघांचा खर्च जवळजवळ सारखा. आणि सौदीचा आकडा सिप्री स्वतःच अंदाज म्हणून देते. त्या राज्याच्या फौजेबद्दल जगाला जे कळतं, त्यातलं बरंचसं परक्यांच्या कागदांतून कळतं. २०१० साली विकिलीक्सनं अमेरिकी वकिलातींचे अडीच लाख खलिते उघड करायला सुरुवात केली, तेव्हा एका खलित्यातून समजलं की सौदीच्या राजांनी इराणवर हल्ला करा म्हणून अमेरिकेकडे लकडा लावला होता. आपला राजा काय मागतोय, हे त्या देशातल्या रयतेला दुसऱ्याच्या दप्तरातून वाचावं लागलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. फौज, वकील, खबर, खजिना, हिशेब, दिवाण हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं विचारतात, "सर, हे उर्दू की मराठी?" मी म्हणतो, दोन्ही. मूळ अरबी-फारसी, पण तीन-चारशे वर्षं सह्याद्रीत राहून आपलेच झालेले. परराज्यात वकील नेमायचा आणि तिथल्या फौजेची, खजिन्याची खबर घ्यायची, ही रीतही आपल्याला नवी नाही. आमच्या वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला तर हे सांगायलाच नको. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, ही कथा इथलं पोरगंसुद्धा सांगतं. पैसा कुठून आला आणि कुठल्या तटात गेला, हे लोकांच्या तोंडी राहिलं.

पुढं पुण्यात उलटं घडलं. होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या सहा हजार पायदळाचं संरक्षण घेतलं आणि त्या बदल्यात वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. १८११ पासून मुळा-मुठेच्या संगमावर एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून बसला. पेशव्यांची फौज किती, कोणता सरदार नाराज, दरबारात काय शिजतंय, सगळी खबर कलकत्त्याला जात होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली. पेशव्यांची फौज इंग्रजांच्या कित्येक पट होती, तरी पुढच्या वर्षी पेशवाई संपली. रेसिडेंटाच्या दप्तरात पेशव्यांच्या दौलतीचा पुरा हिशेब होता. ज्या शेतकऱ्यानं सारा भरला, त्याला मात्र तो विचारण्याची सोय नव्हती.

सौदीची गोष्ट मला याच्या जवळची वाटते. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत जगात सर्वांत जास्त शस्त्रं आयात करणारा देश तोच होता. आणि १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे अबकैकच्या तेल प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊन पडली. देशाचं निम्मं तेल उत्पादन थांबलं. त्या दिवशी महाडहून मामींचा फोन आला. मामेभाऊ तिकडं दम्मामला वेल्डर. "तू शिकलेला आहेस, बघ रे, त्याच्या जवळ झालंय का?" मी नकाशा उघडून अंतर मोजत बसलो. संध्याकाळी त्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा कुठं मामींनी घास घेतला. अब्जावधींच्या खरेदीनं त्या घराला एका दिवसाचीही निर्धास्ती दिली नाही.

आणि ती हत्यारं वापरली कुठं? मार्च २०१५ पासून येमेनमध्ये. तिथंही कलमा पढणारेच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत तिथं ३ लाख ७७ हजार माणसं गेली. त्यातली जवळपास साठ टक्के भूक, रोगराई अशा कारणांनी. टपरीवरच्या त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं, की बाळा, मक्केबद्दलची मोहब्बत आणि एका राजघराण्याची शस्त्रखरेदी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुझ्या दिलात आहे. दुसरीचा तू वकील होऊ नकोस.

हजरत उमर यांनी फौजेच्या वेतनासाठी नावनिशीवार नोंदवही सुरू केली, तिचं नाव दिवाण. कुणाला किती मिळतं, हे लिहिलेलं असे. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, कुरआनला नामंजूर आहे. मग राजाला हिशेब विचारणं दीनच्या विरोधात कसं? तिथली मजलिस-ए-शूरा राजानं नेमलेली, निवडून आलेली नाही. अडचण तिथंच आहे.

त्या दुसऱ्या गृहस्थांनाही एक सांगायचं राहिलं. हाच प्रश्न आपल्या घरातही विचारावा. २०२५-२६ साठी आपली संरक्षण तरतूद ६ लाख ८१ हजार कोटींची होती. आपल्याकडं संसद आहे, कॅगचा अहवाल आहे. सीमेवर उभ्या जवानाला चांगलं हत्यार आणि चांगले बूट मिळालेच पाहिजेत, म्हणून तर हिशेब वाचायचा. पण आपण वाचतो का? की परक्याचा आकडा पाहून घाबरतो, आपला पाहून टाळ्या वाजवतो?

उद्या नववीच्या वर्गात मी हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिणार आहे. माणशी किती पडतात, ते मुलांनीच काढावं. गणिताच्या सरांना आधीच विचारून ठेवलंय.