एक रिकामा रकाना आणि जगभर बंद पडलेली ॲप्स

१२ जून २०२५ च्या रात्री सव्वाअकराच्या सुमारास स्पॉटिफाय, डिस्कॉर्ड, स्नॅपचॅट अशी बरीच ॲप्स जगभर अडखळायला लागली. अनेकांनी आधी राउटर बंद-चालू करून पाहिला असेल. पण गडबड तुमच्या घरात नव्हती, गुगल क्लाउडमध्ये होती. नंतर गुगलने स्वतःच सविस्तर अहवाल दिला. मी जावामध्ये कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे तो वाचताना मला घाम फुटला. कारण चूक अगदी आपल्यासारख्यांची होती!

गुगल क्लाउडकडे येणारी प्रत्येक रिक्वेस्ट 'सर्व्हिस कंट्रोल' नावाचा प्रोग्रॅम तपासतो. परवानगी आहे का, कोटा शिल्लक आहे का, वगैरे. सोसायटीचा वॉचमनच म्हणा ना. २९ मे रोजी त्यात कोटा तपासायचा नवा कोड आला. एकेक प्रदेश करत तो सगळीकडे बसवला, कुठेही काही बिघडलं नाही. बिघडणार कसं? तो कोड चालायला ज्या प्रकारची पॉलिसी लागत होती, ती तोवर आलीच नव्हती. १२ जूनला ती आली आणि तिच्यात काही रकाने रिकामे होते. हा डेटा काही सेकंदांत जगभर कॉपी झाला आणि वॉचमन सगळ्या गेटवर एकदमच बेशुद्ध पडला.

रिकाम्या रकान्याने एवढं काय होतं? समजा 'ऑर्डर' या ऑब्जेक्टमध्ये 'पत्ता' हा ऑब्जेक्ट आहे आणि तुम्ही त्याच्याकडे पिनकोड मागितला. पत्ताच नसेल, म्हणजे 'नल' असेल, तर मागायचं कोणाकडे? जावा अशा वेळी नल पॉइंटर एक्सेप्शन फेकते. ते कोणी झेललं नाही, तर काम तिथेच थांबतं. 'नल' ही कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणली आणि २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

मग सगळीकडे ट्राय-कॅच लावला की झालं? इथेच माझं मत वेगळं आहे. पहिल्या नोकरीत मी एक कॅच ब्लॉक चक्क रिकामा ठेवला होता. स्क्रीनवर 'सेव्ह झालं' दिसायचं, डेटाबेसमध्ये काहीच नसायचं. तीन दिवस कोणाला पत्ता नाही. शेवटी एका ग्राहकाचा फोन आला. क्रॅश झाला असता तर तासाभरात कळलं असतं की!

जो एक्सेप्शन आपल्याला अपेक्षित आहे, तो जागच्या जागी झेलावा. अनपेक्षित असेल, तर लॉगमध्ये नोंद करून तेवढी एक रिक्वेस्ट फेल होऊ द्यावी. अख्खा प्रोग्रॅम कशाला मारायचा? गुगलच्या त्या कोडला ना एरर हँडलिंग होतं, ना तो हळूहळू सुरू करायचा फीचर फ्लॅग. तरी त्यांच्या टीमने दहा मिनिटांत मूळ कारण शोधलं आणि साधारण ४० मिनिटांत तो भाग बंद करणारं 'रेड बटण' सगळीकडे पोचवलं. हे कौतुकास्पदच आहे.

पण अमेरिकेतल्या आयोवाच्या मोठ्या केंद्रात आणखी गंमत झाली. बंद पडलेले सगळे प्रोग्रॅम एकदम उठले आणि एकाच डेटाबेसवर तुटून पडले. दादरला लोकल आली की सगळे एकाच दारात घुसतात, तसं. प्रत्येकाने थोडं वेगवेगळं थांबून प्रयत्न करायचा, ही सोय कोडमध्ये नव्हती. तिथे पूर्ववत व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास गेले.

गुगलने आता ठरवलंय की ही तपासणी अडली तरी रिक्वेस्ट पुढे जाऊ द्यायची. कोट्यासाठी हे ठीक आहे, कोणी दोन रिक्वेस्ट जास्त केल्या तर काही बिघडत नाही. पण हाच नियम तुमच्या यूपीआय पिनच्या तपासणीला लावला तर? तिथे अनपेक्षित एरर आली की व्यवहार थांबलाच पाहिजे, मग तुम्ही दुकानदारासमोर कितीही खोळंबलात तरी.