हात सगळ्यात शेवटी

पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या चामोर्शीच्या पोरांना गोल्फचं काय करायचंय, असं कुणी विचारील. शंका रास्त आहे. इथे गोल्फचं मैदान नाही आणि ते व्हावं अशी माझी मागणीही नाही. धानाच्या बांध्या बऱ्या. पण ७.२६० किलोचा गोळा फेकताना पोरगा जी चूक करतो, तीच गोल्फवाले डाउनस्विंगमध्ये, म्हणजे वर नेलेली क्लब (गोल्फची काठी) चेंडूवर आणताना, करतात. सगळा भार हातावर टाकतात.

उजव्या हाताचा खेळाडू घ्या. क्लब वर पोहोचते न पोहोचते तोच चेंडू हाणायची घाई होते. उजवा खांदा पुढे घुसतो, क्लब बाहेरून आत ओढली जाते आणि चेंडू वळत वळत उजवीकडच्या झुडपांत. हाच तो बदनाम स्लाइस. मग बिचारा हाताची पकड बदलत बसतो, आणि दुखणं असतं पायांत. वजन आधी डाव्या पायावर यावं, मग कंबर वळावी, तिच्यामागून खांदे, मग हात, आणि क्लबचं टोक सर्वांत शेवटी. एवढं सगळं जेमतेम पाव सेकंदात उरकतं. मध्येच विचार करून दुरुस्ती करायला सवडच नसते. क्रम अंगवळणीच पडावा लागतो.

त्यासाठी महागडी क्लब नको. बांबूची हलकी काठी घ्या, आपल्या गडचिरोली जिल्ह्यात तिला तोटा नाही. पाय जुळवून उभे राहा. काठी मागे जात असतानाच डावा पाय पुढे टाका आणि मग फिरवा. आता कान द्या. ‘सूं’ आवाज उजव्या खांद्यापाशीच आला तर हातांनी घाई केली. चेंडूच्या जागेपुढे आला तर जमलं.

७ ऑगस्ट २०२१ला, टोकियो ऑलिंपिकमध्ये, सकाळी अदिती अशोकचं गोल्फचं पदक एका फटक्यानं हुकलं आणि संध्याकाळी नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण आणलं. नीरजच्या फेकीचा व्हिडिओ सावकाश लावून बघा: डावा पाय आधी रोवला जातो, हात मागून सुटतो. गोळ्याचंही तेच.

क्लब वर नेण्याच्या सुबकपणावर मात्र फार वेळ घालवू नये. गोल्फपटू जिम फ्युरिकची क्लब वर जाताना असा काही वळसा घेते की शिकवणारे कपाळाला हात लावतात. पण खाली येताना ती बरोबर वाटेवर असते. २०१६ मध्ये त्यानं पीजीए टूरच्या स्पर्धेत अवघ्या ५८ फटक्यांत फेरी संपवली.