खडा म्हणून विषय संपवू नका

मी चिपळूणला पॅथॉलॉजी लॅब चालवते. लघवीची बाटली टेबलावर ठेवता ठेवताच माणसं निदान सांगून टाकतात, ‘मॅडम, खडाच आहे, फक्त रिपोर्ट द्या.’ कुशीत कळ आणि लघवी लाल म्हटलं की कोकणात कुळथाचं पाणी उकळायला लागतं. पुष्कळदा खडाच निघतो, हे खरं. बरगडीखालून उठून जांघेत उतरणारी, माणसाला एका कुशीवर टिकू न देणारी कळ बहुधा त्याचीच. पण ‘बहुधा’वर तपास थांबवायला माझा ठाम विरोध आहे.

मूत्रपिंडातल्या गाठीतून रक्त गेलं आणि त्याची गुठळी मूत्रवाहिनीत अडकली, तर कळ थेट खड्यासारखीच येते. मूत्रपिंडाच्या क्षयातही रक्त जातं. तिथे लघवीत पू-पेशी भरपूर असतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. असा रिपोर्ट हातात असूनही एखाद्या बाईला ‘इन्फेक्शन’ म्हणून पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या जातात, तेव्हा मला संताप येतो. सोनोग्राफीत चार मिलिमीटरचा खडा दिसला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तो खडा कदाचित वर्षानुवर्षं मूत्रपिंडात स्वस्थ बसलेला असेल आणि रक्त दुसरीकडूनच येत असेल. उलट मूत्रवाहिनीत अडकलेला खडा सोनोग्राफीतून निसटू शकतो, साध्या सीटी स्कॅनमध्ये मात्र तो सहसा सापडतोच.

मला जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या रक्ताची. मुंबईत गिरणीत उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेले, बिडी न सुटलेले काका येतात. म्हणतात, ‘दुखत काहीच नाही, दोन दिवसांत आपोआप थांबलं.’ बिडीच्या धुरातली विषं मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात साठून राहतात. तिथला कर्करोग रक्त टाकतो, थांबतो, महिन्यांनी परत टाकतो. आतल्या अस्तरापुरता असताना सापडला, तर दुर्बिणीतून काढता येतो. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांना दिसणारं रक्त एकदा गेलं, तरी मूत्राशय दुर्बिणीतून पाहिलाच पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे तपास टाळायचं कारण होऊ शकत नाही.

आमच्या बाजूनेही नीट काम व्हायला हवं. लघवीत बुडवायची पट्टी रंग बदलते, पण तेवढ्यावर तांबड्या पेशी आहेतच असं ठरत नाही. स्नायूंना जबर इजा झाली तरी पट्टी तोच रंग दाखवते. ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. तांबड्या पेशी वेड्यावाकड्या झालेल्या असतील, त्यांचे साचे दिसत असतील आणि प्रथिनंही जात असतील, तर दोष मूत्रपिंडाच्या गाळणीत आहे. तो रुग्ण किडनीविकारतज्ज्ञाकडे जायला हवा, आणि त्याचा रक्तदाब त्याच दिवशी मोजायला हवा. हे सकाळची बाटली संध्याकाळी तपासून कळत नाही, कारण पेशी तोवर विरघळलेल्या असतात.

आमच्या जिल्ह्याला तर हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरीतल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे लोक होते. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दाखवून दिलं की, या रोगाच्या मुळाशी शिस्टोसोमा नावाचा जंत आहे. हा आजार आफ्रिकेतला म्हणूनच जास्त माहीत. कोकणातल्या खेड्यात त्याची शंका घेणं सोपं नव्हतं. पुढे गोड्या पाण्यातल्या एका बारीक गोगलगायीपर्यंत त्यांनी त्याचा माग काढला. त्या गावातल्या लाल लघवीला खडा किंवा उष्णता म्हणून सोडून दिलं असतं, तर हे कधीच उजेडात आलं नसतं.

माझी मागणी साधी आहे. केसपेपरवर ‘लघवीत रक्त’ लिहिलं की त्याखाली ते कुठून येतं, हेही लिहा. सापडलं नसेल तर ‘कारण सापडलेलं नाही’ असं लिहून पुढच्या तपासणीची तारीख द्या. लघवी स्वच्छ झाली म्हणून ती तारीख खोडू नका. आणि दुर्बिणीची तपासणी जिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी, नियमित मिळू द्या. मजुरी बुडवून मुंबई गाठणं ज्यांना जमत नाही, ते रक्त थांबलं की घरीच राहतात.